कोणाच्या अधीन व्हायचं, ते आधी बघ

अगं, ‘देवाच्या अधीन हो’ असं कुणी म्हटलं की तुझा चेहरा उतरतो. परवाच्या प्रार्थनासभेत मी तुझ्या समोरच बसले होते, म्हणून लक्षात आलं. शेवटचं आमेन झालं आणि चहा न घेताच तू निघालीस. तेव्हापासून तुझ्याशी बोलायचं मनात आहे. पण तोंडी बोलायला गेले तर ‘हो ताई, बरोबर आहे ताई’ म्हणून तू विषय मिटवशील. म्हणून लिहूनच पाठवते. नाइट ड्युटीवरून आलीस, अंघोळ-जेवण झालं, की निवांत वाच.

तुझ्या घरात काय चाललंय ते मंडळीत सगळ्यांना ठाऊक आहे. आयर्लंडच्या हॉस्पिटलमधली नोकरी ठरली. इकडे पप्पांचं डायलिसिस, आठवड्यातून दोनदा. भाऊ पुण्यात, त्याचा संसार तिकडे. आणि मग ज्यानं त्यानं आपापलं मत तुला प्रभूच्या नावानं सांगितलं. आत्या म्हणते, आजारी बापाला सोडून लेकीनं परदेशी जावं, ही प्रभूची इच्छा असूच शकत नाही. काका म्हणतात, प्रभूनंच दार उघडलंय, तू गेलीस तर घरावरचं कर्ज फिटेल, नाही म्हणणारी तू कोण? दोघांची मतं एकमेकांच्या उलट, आणि दोघांचाही शेवटचा शब्द एकच की देवाच्या अधीन हो. अशा वेळी त्या शब्दांचा वीट आला तर त्यात तुझा काही दोष नाही.

पण त्यापायी तू देवापासूनच मागे सरकायला लागली आहेस, आणि ते मला बघवत नाही. देवाच्या अधीन होणं आणि देवाचं नाव घेऊन बोलणाऱ्या प्रत्येकापुढे मान तुकवणं या दोन गोष्टींची आपल्याकडे फार गल्लत झाली आहे. पहिली गोष्ट मनापासून केली की दुसरीला नाही म्हणायचं बळ आपोआप येतं. मला तुला एवढंच सांगायचं आहे, बाकी सगळं त्याच्याभोवतीचं बोलणं आहे.

आधी हा अधिकार आहे कोणाचा, ते बघू. योहानाच्या शुभवर्तमानाचा तेरावा अध्याय तू लहानपणापासून ऐकत आलीस, पण आता तो सावकाश वाच. पाय धुण्याच्या आधीचं एक वाक्य आपण घाईत ओलांडून जातो. पित्यानं सगळं आपल्या हाती दिलं आहे, हे येशूला तेव्हा पक्कं ठाऊक होतं, असं योहान तिथं सांगतो. सगळी सत्ता हातात आहे हे ज्या घडीला पूर्ण ठाऊक आहे, त्याच घडीला तो जेवणावरून उठतो, अंगावरचं वस्त्र काढून ठेवतो, कमरेला रुमाल बांधतो, भांड्यात पाणी ओततो आणि शिष्यांचे पाय धुऊ लागतो. ते काम घरातल्या सर्वांत खालच्या नोकराचं. आणि यहूदा अजून त्या खोलीतच आहे. तो बाहेर पडतो ते नंतर. म्हणजे त्याचेही पाय धुतले गेले.

पेत्राला ते सहन होत नाही. तुम्ही माझे पाय कधीच धुवायचे नाहीत, म्हणून तो अडून बसतो. त्यावर येशू त्याला स्पष्टच सांगतो की मी धुतले नाहीत तर तुझा-माझा काही संबंध नाही. माझं मन इथं नेहमी थांबतं. त्या रात्री पेत्रानं आज्ञा पाळायची म्हणजे काय करायचं होतं? कुठला डोंगर उचलायचा नव्हता. पाय पुढे करायचे होते आणि आपले पाय धुऊ द्यायचे होते. तुलाही तेच जड जातं, बाळा. आयसीयूत रात्रभर दुसऱ्यांची अंगं पुसायची, घरी येऊन पप्पांचं पथ्यपाणी बघायचं, आणि कुणी तुझ्यासाठी काही करायला आलं की ‘राहू दे, मी करते’. देवापुढेही तू तशीच उभी राहतेस, जणू हजेरी द्यायला आली आहेस. माझं ऐक. देवाच्या अधीन होण्यात पहिली गोष्ट येते ती त्याच्या मायेचा हात न झटकण्याची. काय करायचं, कुठं जायचं, हे त्यानंतर.

दुसऱ्यांवर हुकूम गाजवणाऱ्या राजांसारखं तुमच्यात असू नये, हेही येशूनं शिष्यांना बजावलं होतं. मार्काच्या दहाव्या अध्यायात आहे. म्हणून कुणी देवाच्या नावानं तुझ्यावर जोर करू लागलं की मनातल्या मनात बघ, या माणसाच्या कमरेला तो रुमाल आहे का? आत्यानं पप्पांना एकदा तरी डायलिसिसला नेलं आहे का? काकांनी कर्जाच्या हप्त्याला कधी हात लावला आहे का? ती माणसं वाईट आहेत असं मी म्हणत नाही. त्यांना तुझी काळजी आहेच. पण त्यांच्या बोलण्याला देवाच्या आज्ञेचं वजन द्यायचं की वडीलधाऱ्यांच्या सल्ल्याचं, ते तुला ठरवायचं आहे.

तुझ्या कामातलंच सांगते. वॉर्डात औषध देताना तू काय करतेस? येणारा-जाणारा कुणीही ‘हे इंजेक्शन देऊन टाक’ म्हणाला तर देत नाहीस. ऑर्डर कोणाची आहे ते पाहतेस, सही पाहतेस, डोस पाहतेस. आणि डोस जास्त वाटला तर रात्री दोन वाजता डॉक्टरांना उठवून विचारतेस. त्या विचारण्याला कुणी उद्धटपणा म्हणत नाही, उलट चांगली सिस्टर तीच. प्रेषितांच्या कृत्यांत बिरुयाच्या लोकांची तारीफ केली आहे ती याच गोष्टीसाठी. साक्षात पौल येऊन सांगत होता, तरी ते रोज शास्त्र उघडून पडताळून बघत होते, आणि लूक त्यांना मोठ्या मनाचे म्हणतो. पौलाचं बोलणं पडताळून बघायची मुभा आहे, तर काकांचं का नाही?

आता पंडिता रमाबाईंबद्दल थोडं. केडगावला त्यांच्या मुक्ती मिशनमध्ये तू संडे स्कूलच्या सहलीबरोबर गेलेली आहेस. विहिरी पाहिल्यास, छापखान्याची गोष्ट ऐकलीस, डबे खाऊन परत आलीस. पण रमाबाईंच्या आयुष्यातला जो भाग तुझ्या आजच्या प्रश्नाला थेट भिडतो, तो सहलीत कुणी सांगत नाही.

१८८३ साली त्या इंग्लंडला गेल्या. वय पंचवीस. आईवडील दुष्काळात गेलेले, नवरा गेलेला, कडेवर लेक मनोरमा. वैद्यकी शिकायची होती, पण कानांनी नीट ऐकू येत नव्हतं म्हणून तो रस्ता बंद झाला. त्याच वर्षी सप्टेंबरात वाँटेजला त्यांचा बाप्तिस्मा झाला. ज्या भगिनींच्या मठात त्या राहत होत्या तिथल्या सिस्टर जेराल्डीन त्यांच्या धर्ममाता. त्यांनी रमाबाईंवर जीव लावला, आणि त्या मायेपोटीच त्यांना वाटू लागलं की या मुलीनं आता चर्च सांगेल ते मुकाट्यानं मानावं. रमाबाई मानेनात. अमुक शिकवण शास्त्रात कुठं आहे ते दाखवा, म्हणायच्या. मांसाहार करणार नाही म्हणाल्या, तर त्यातही लोकांना अहंकार दिसला. चेल्टनहॅमच्या लेडीज कॉलेजात त्या संस्कृत शिकवत होत्या, तेव्हा त्यांनी पुरुषांना शिकवण्याचा विषय निघाला आणि हिंदुस्थानातल्या बिशपांनी हरकत घेतली. रमाबाईंनी ठणकावून विचारलं की मी हिंदुस्थानात भर सभेत पुरुषांपुढे व्याख्यानं दिली आहेत, मग इथंच का चालत नाही? आपल्या देशातल्या पुरोहितांच्या जोखडातून मी मोठ्या कष्टानं मान सोडवली आहे, आता तसलंच दुसरं जोखड मानेवर घ्यायला मी तयार नाही, अशा अर्थाचं त्यांनी सिस्टरना लिहून कळवलं. हा सगळा पत्रव्यवहार १९७७ साली महाराष्ट्र राज्य साहित्य आणि संस्कृती मंडळानं छापला आहे. मिळाला तर जरूर वाच. दोन बायकांचं एकमेकींवरचं प्रेमही त्यात आहे आणि कडाक्याचं भांडणही.

अशा बाईला तू काय म्हणशील? बंडखोर? त्या काळी पुष्कळांनी तेच म्हटलं. पण पुढचं आयुष्य बघ. बाप्तिस्म्यानंतर कितीतरी वर्षांनी त्यांनी स्वतःच लिहिलं की मला ख्रिस्ती धर्म सापडला होता, ख्रिस्त मात्र अजून सापडायचा होता. तो सापडल्यावर त्यांनी आपलं काही हातचं राखून ठेवलं नाही. मध्य प्रांतात १८९६-९७ चा दुष्काळ पडला, तेव्हा लहानपणी स्वतः भुकेनं तडफडलेली ही बाई पुन्हा दुष्काळात शिरली आणि शेकडो मुली, विधवा केडगावला घेऊन आली. त्यांचं अन्न, कपडे, दुखणी, शिक्षण, सगळं अंगावर घेतलं. मूळ भाषा शिकून बायबलचं मराठी भाषांतर हाती घेतलं आणि वर्षानुवर्षं त्याला बसल्या. १९२१ साली मनोरमा गेली. एकुलती एक मुलगी, मुक्तीचं पुढचं काम जिच्या खांद्यावर द्यायचं तीच. रमाबाईंनी काम टाकलं नाही. १९२२ च्या एप्रिलमध्ये त्या स्वतः गेल्या, तोवर भाषांतर पुरं होत आलं होतं.

माणसाच्या जोखडाला मान न देणारी बाई आणि देवापुढे सगळं आयुष्य ठेवणारी बाई, ही एकच बाई आहे. मला तर वाटतं, पहिली नसती तर दुसरीही घडली नसती. ज्याच्यापाशी स्वतःचं असं मनच उरलेलं नाही, त्यानं देवाला द्यायचं तरी काय? तिच्या हातात जेव्हा अधिकार आला तेव्हा तिनं तो कसा वापरला, तेही बघण्यासारखं आहे. मुक्तीच्या आधी त्यांनी मुलींसाठी काढलेल्या शारदा सदनात कुणावर धर्म लादायचा नाही असं ठरलेलं होतं. रमाबाई आपली प्रार्थना आपल्या खोलीत करायच्या, दार मात्र उघडं ठेवायच्या. ज्यांना यायचं त्या मुली येऊन बसायच्या. त्यावरून १८९३ मध्ये पुण्यात केवढं वादळ उठलं. सल्लागार मंडळातली मोठी मोठी माणसं बाजूला झाली, पालकांनी मुली काढून नेल्या. तरी त्यांनी कुणाला ओढून आत घेतलं नाही आणि दारही लावून घेतलं नाही.

लक्ष्मीबाई टिळकांचंही तसंच. त्यांच्या नवऱ्याचा, रेव्हरंड टिळकांचा बाप्तिस्मा १८९५ साली मुंबईत झाला, बायकोला न सांगता. लक्ष्मीबाईंवर आभाळ कोसळलं. काही वर्षांनी त्या नगरला नवऱ्यापाशी राहायला आल्या, तरी सोवळं सुटलेलं नव्हतं. टिळक रागीट होते, लहरी होते, पण या एका बाबतीत त्यांनी बायकोवर जबरदस्ती केली नाही. लक्ष्मीबाईंचं त्यांच्याच मनाशी बोलणं झालं, जातिभेद देवानं केलेला नाही हे त्यांचं त्यांना पटलं, आणि मग १९०० मध्ये त्यांनी आपणहून बाप्तिस्मा घेतला. लक्ष्मीबाईंचं आत्मचरित्र ‘स्मृतिचित्रे’ तुझ्या आईच्या कपाटात आहे, मी पाहिलं आहे. टिळकांसारखा उतावळा माणूस थांबू शकला, तर देव तुझ्यासाठी थांबणार नाही का? या आठवड्यात निर्णय झालाच पाहिजे ही घाई नोकरी लावून देणाऱ्या एजन्सीची आहे. देवाची नाही.

आता एक वेगळी गोष्ट, पण सांगितल्याशिवाय पुढे जाणार नाही. तुझ्याबरोबर ड्युटीला असते ती मुलगी, भर उन्हाळ्यात पूर्ण बाह्यांचा ब्लाउज घालणारी. तिला कुणीतरी सांगितलंय की नवऱ्याच्या अधीन राहणं म्हणजेच प्रभूच्या अधीन राहणं, म्हणून सोस. हे शास्त्राचं नाव घेऊन केलेलं पाप आहे, आणि मी हे विचार करून लिहिते आहे. इफिसकरांस पत्राच्या पाचव्या अध्यायात बायकांना सांगण्याच्या आधी सगळ्यांनाच एकमेकांच्या अधीन राहायला सांगितलं आहे. आणि नवऱ्यांना जे सांगितलं ते कितीतरी लांब आणि कितीतरी कठीण आहे. ख्रिस्तानं मंडळीसाठी प्राण दिला, तसं प्रेम करा म्हणून. प्राण देणारा हात कुठं आणि वळ उठवणारा हात कुठं! आपल्या बायकांना कायद्यानंही फार उशिरा न्याय दिला. १८६९ च्या घटस्फोट कायद्यात नवऱ्याला बायकोचा व्यभिचार दाखवला की पुरे होतं, बायकोला मात्र व्यभिचाराबरोबर छळ नाहीतर टाकून जाणंही सिद्ध करावं लागायचं. ते २००१ च्या दुरुस्तीनं बदललं. आता छळ हे एकटं कारणही पुरतं. शिवाय २००५ चा कौटुंबिक हिंसाचाराविरुद्धचा कायदा आहे, आणि १८१ हा महिला हेल्पलाइनचा नंबर. तिला तो दे. तिला माझ्याकडे घेऊन आलीस तरी चालेल, रात्री-अपरात्री आलात तरी दार उघडेन. फारोनं बाळं मारायला सांगितलं तेव्हा शिप्रा आणि पुवा या दोन सुइणींनी ऐकलं नाही, कारण त्या देवाला भीत होत्या. त्या तुझ्याच पेशाच्या बायका.

हं, आता तुझ्याकडे वळते. कारण आत्तापर्यंत मी दुसऱ्यांचा अधिकार कुठं संपतो तेच सांगत आले, आणि तेवढंच ऐकून तू खूश होशील. देवाचा अधिकार मात्र खरोखरचा आहे, आणि तो आपल्याला बोचतो.

माझी आई कशी प्रार्थना करायची ते तू पाहिलं नाहीस. तिची सगळी नोकरी मिशन हॉस्पिटलात झाली. रात्री आली की खाटेच्या कडेला बसायची, पदर डोक्यावर घ्यायची आणि सुरुवातच तक्रारीनं व्हायची. ‘बापा, हे काही बरं केलं नाहीस.’ मग कुठल्या खाटेवरची बाळंतीण गेली, कुणाचं पोर पोरकं झालं, सगळं नावानिशी. आवाज चढायचा. मध्येच रडायची. तिच्या बायबलच्या काळ्या कव्हरात औषधाच्या चिठ्ठ्या, रेशनची पावती, कुणाकुणाचे पत्ते असं सगळं खोचलेलं असायचं, आणि स्तोत्रसंहितेच्या पानांना तर हळदीचे डाग. बराच वेळ भांडून झालं की गप्प व्हायची. तो गप्प बसण्याचा वेळ मला लहानपणी फार लांब वाटायचा. आणि मग हळूच, ‘बरं. तुझ्या मनासारखं.’ एवढं म्हणून उठायची आणि भाकरीचं पीठ घ्यायची.

तू त्यातलं शेवटचं वाक्य आधी म्हणायला बघतेस. मग ते घशात अडकतं आणि तुला वाटतं, आपला विश्वासच कमी आहे. अगं, आधी भांड की त्याच्याशी! हन्ना शिलोच्या मंदिरात कळवळून रडत होती, आवाज न काढता नुसते ओठ हलवत प्रार्थना करत होती, तर एली याजकाला वाटलं ही प्यायली आहे. ईयोबानं देवाला काय काय सुनावलं, आणि देवाची बाजू घेऊन त्याला गप्प करायला आलेल्या मित्रांवरच शेवटी देवाचा राग झाला. येशूनं गेथशेमाने बागेत हा प्याला टळू दे म्हणून एकदा विनवून सोडून दिलं नाही, पुन्हा पुन्हा जाऊन तेच मागितलं. घाम रक्तासारखा गळत होता असं लूक लिहितो, आणि लूक वैद्य होता. पुत्राला जी मुभा होती ती लेकीलाही आहे. पण हेही लक्षात ठेव की तो प्याला टळला नाही. पौलानंही अंगातला काटा काढ म्हणून तीनदा विनवलं, काटा तसाच राहिला. देव कधी कधी नाही म्हणतो, आणि का ते सांगत नाही. त्यातून लगेच काहीतरी गोड अर्थ काढून तुला समजूत घालणारी माणसं भेटतील. मी ते करणार नाही. मी इतकंच जाणते की नाही म्हणणारा तो देव, त्याच्या स्वतःच्या हाताला खिळ्यांचे व्रण आहेत. माझी आई ज्याच्याशी भांडायची त्यालाच ‘तुझ्या मनासारखं’ म्हणू शकायची, ते त्या व्रणांमुळे.

बोचण्याचं म्हटलं ते असं. आयर्लंडला जायचं की नाही, याबद्दल देवाची इच्छा काय ते कळावं म्हणून तू उपास धरलेस, ठाऊक आहे मला. चांगलं आहे. पण जी इच्छा त्यानं आधीच लिहून ठेवली आहे, तिचं काय? भावाशी तुझं बोलणं दिवाळीपासून बंद आहे. वेदीपाशी अर्पण आणलंस आणि भावाच्या मनात तुझ्याविरुद्ध काही आहे हे आठवलं, तर अर्पण तिथंच ठेवून आधी जाऊन समेट कर, हे मत्तयाच्या पाचव्या अध्यायात आहे. ते शोधायला उपास लागत नाही. पप्पांना बघायला येतात त्या मावशींचा पगार महिना उलटून गेल्यावर दहा-बारा तारखेला जातो. मजुराची मजुरी सकाळपर्यंतसुद्धा अडवू नये, हे लेवीयच्या एकोणिसाव्या अध्यायात आहे, आणि याकोब तर म्हणतो की अडवलेली मजुरी ओरडते आणि ते ओरडणं देवाच्या कानी जातं. तुझी ओढाताण मला माहीत आहे. तरी त्यांचा पगार आधी दे. एजन्सीचा फॉर्म भरताना आयसीयूचा अनुभव सहा महिन्यांनी वाढवून लिहूया असं तिथली बाई म्हणत होती ना? तिथं प्रभूची इच्छा काय हे मला विचारू नकोस. तुला माहीत आहे.

माझा हा पक्का समज आहे. पुढचं दिसावं म्हणून आपण देवाच्या मागे लागतो, आणि जे दिसतंय ते तसंच पडून राहतं. कोणती नोकरी, कोणतं स्थळ, कोणतं गाव, याबद्दल शास्त्र फार थोडं बोलतं. खरं बोलणं, क्षमा करणं, दुसऱ्याचे पैसे वेळेवर देणं, आईबापांना न टाकणं, याबद्दल पानंच्या पानं आहेत. ती पाळता पाळता माणसाचं मन असं काही घडत जातं की मोठा निर्णय समोर आला तरी ते घाबरून जात नाही. आज्ञा पाळायची सवय तिथंच लागते, रोजच्या बारीकसारीक गोष्टींत, जिथं कुणी साक्ष द्यायला उभं करत नाही.

आईबापांवरून आठवलं. मार्काच्या सातव्या अध्यायात येशू परूश्यांवर चिडला आहे. आईवडिलांच्या उपयोगी पडला असता तो पैसा देवाला वाहिला असं म्हणून ते हात झटकून मोकळे व्हायचे. म्हणजे देवाचं नाव पुढे करून पप्पांना वाऱ्यावर सोडता येणार नाही, काकांनी कितीही उघडं दार दाखवलं तरी. पण त्याच येशूनं वधस्तंभावर काय केलं? पित्याची इच्छा पुरी करायला तो आईला मागे ठेवून जात होता, आणि श्वास घेणंही कठीण झालेलं असताना त्यानं आईला योहानाच्या हवाली केलं. योहान तेव्हापासून तिला आपल्या घरी घेऊन गेला. जाणं म्हणजे टाकणं असंच काही नाही, हे आत्याला सांग. तशी सोय लावता येते का, ते आधी बघायचं. ती नुसतं ‘प्रभू बघून घेईल’ म्हणून लागत नाही. डायलिसिसच्या दिवशी कोण नेणार, रिक्षाला पैसे कोण देणार, पप्पांचा बीपी खाली गेला तर रात्री कुणाला फोन जाणार, हे नावं घालून लिहून काढ. सोय होत असेल तर भिऊ नकोस. होत नसेल तर यंदाचं वर्ष थांबण्यात कमीपणा मानू नकोस. दोन्हीकडे देव आहे. तू डब्लिनच्या वॉर्डात त्याचीच मुलगी असशील आणि इथल्या वॉर्डातही.

मी काय ठरव ते सांगणार नाही. तू विचारलंस तरी नाही. आत्या आणि काका पुरेसे आहेत. तू ठरवशील त्याच्या बाजूनं मात्र मी उभी राहीन, मंडळीत कुणी काही बोललं तर त्यांना माझ्याकडे पाठव.

उद्या ड्युटीला जायच्या आधी भावाला फोन कर. आयर्लंडचा विषय पहिल्या झटक्यात काढू नकोस, आधी त्याची, वहिनीची, मुलांची चौकशी कर. दिवाळीत जे झालं त्यात तुझा वाटा जेवढा असेल तेवढ्याची क्षमा माग, त्याचा वाटा त्याच्यापाशी राहू दे. मग पप्पांच्या डायलिसिसची यादी त्याला वाचून दाखव आणि कोणता वार त्याला जमतो ते विचार. पुणं काही इतकं लांब नाही. रविवारी उपासनेनंतर आमच्याकडेच जेवायला या, पप्पांनाही आण, त्यांच्यासाठी बेताच्या मिठाचं वेगळं करते. आणि येताना एजन्सीच्या कराराचे कागद बरोबर घे. किती वर्षांचा बाँड आहे आणि मध्येच सोडलं तर किती पैसे भरायचे, ते सही करण्याआधी आपण दोघी बसून वाचू.